डाव्या दाराची रबर

करवत जाताना कापते आणि येतानाही कापते, म्हणून गल्लीनं म्हातारीचं नाव करवत ठेवलं होतं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर सगळे काकू म्हणत, तेही एक पाय मागे ठेवून. म्हातारीला हे नाव ठाऊक होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. "कात्री म्हणाले असते तर वाईट वाटलं असतं," ती म्हणायची. "कात्रीला कापायला जोडीदार लागतो. माझं एकटीचं भागतं."

जोडीदार होता. अंगणातल्या खुर्चीत बसलेला असायचा, नाकात नळी, पायाशी सिलिंडर. जन्मभर त्यानं खाणीवरून खडी आणि दगडाची भुकटी वाहिली होती, एकाच गाडीतून. ती जुनी पिकप त्याच्या समोरच उभी होती. दोघंही एकमेकांकडं बघत बसायची. म्हातारी म्हणायची, "दोघांचंही इंजिन बसलंय, पण एकाचं तरी पोरगा उघडून दुरुस्त करतोय."

पोरानं खरंच इंजिन उघडलं होतं. खालचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, काचा बसवल्या, निळा रंग मारला. हे सगळं हौसेसाठी नव्हतं. म्हाताऱ्याला पोरीकडं जायचं होतं. मरायच्या आधी एकदा, आणि स्वतःच्या गाडीतून.

पोरगी राहत होती खाणीपाशीच. तिनं खाणीवरच्या मुकादमाच्या मुलाशी लग्न केलं होतं. ज्या मुकादमानं म्हाताऱ्याला भुकटीच्या ढिगाला लागून गाडी लावायला सांगितली, धुरळ्यात तासन्‌तास उभं केलं, त्याच्याच घरात पोरगी सून म्हणून गेली. तेव्हा म्हातारी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "त्या घरात गेलीस तर हे दार तुला बंद. आणि त्या दारात माझा पाय पडायचा नाही." पोरगी आईचीच. ती म्हणाली, "बरं झालं. दोन्ही दारं एकदमच लागली." तेव्हापासून लागली ती लागलीच. पोरगी बोलावल्याशिवाय यायची नाही आणि म्हातारी बोलवायची नाही. मधल्या मधे म्हातारा.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "छातीत जी धूळ बसली ती बसली. ती आता निघायची नाही. पण नवी जाऊ देऊ नका. चिमूटभरसुद्धा." आणि पोरीकडं जाणारा एकच रस्ता, तो खाणीतून. दिवसभर दगड फोडणारा क्रशर चालतो, पांढरं धुकं असल्यासारखा धुरळा उभा राहतो. म्हणून पोरगा म्हणाला होता, "मी गाडीची केबिन डबीसारखी बंद करतो. मुंगी शिरणार नाही. मग न्यायचं."

बाकी सगळं झालं होतं. राहिली होती ती दाराच्या चौकटीची रबर. दार जिथं येऊन टेकतं तिथं चौकटीच्या पत्र्याची एक कड उभी असते, तिच्यावर ही रबर चारी बाजूंनी खोचून बसवतात. रबर नीट असली की दार लावताना धप्प असा आवाज येतो आणि वारा, पाणी, धूळ सगळं बाहेर राहतं. रबर गेली की दार पत्र्यावर पत्रा आपटतं आणि गाडी म्हणजे चाळणी. या गाडीची रबर कधी गेली होती ते म्हाताऱ्यालाही आठवत नव्हतं. "पुढच्या खेपेला बसवू," असं म्हणत म्हणत त्यानं सगळ्या खेपा संपवल्या.

सकाळी पोरगा डाव्या दारापाशी पटाशी घेऊन बसला आणि जुनी रबर उपटायला लागला. रबर कसली, कोळसा झालेला दोर. हातात घेतला की तुकडे. तिच्याखालून कापडाच्या घड्या निघायला लागल्या. एकावर एक, दाबून बसवलेल्या, भुकटीनं घट्ट झालेल्या. पोरानं एक ओढली आणि झटकली. पांढरा ढग उठला.

"बाबा, या चिंध्या कुणी कोंबल्या?"

म्हाताऱ्यानं हात वर करून स्वतःच्या छातीवर ठेवला. मी.

"झटकू नको इथं," म्हातारी दारातून ओरडली आणि पदर खोचत आली. "समोर कोण बसलंय दिसत नाही? बादलीत घाल, पाणी ओत." बोलता बोलता तिनं एक घडी उचलली, बोटानं घासली. पांढऱ्याखालून हिरवी पानं निघाली. वेलीची नक्षी.

म्हातारी ती धरून उभी राहिली.

"हा माझा पडदा."

म्हातारा जमिनीकडं बघत होता.

"शिंपीणबाईनं दोरीवरून नेला म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं," म्हातारी म्हणाली. "पोराच्या बारशालासुद्धा गेले नाही तिच्या. आता त्या पोराला मिशा आल्या."

"धूळ येत होती," म्हातारा म्हणाला. त्याला एका दमात एवढंच जमायचं. मग थोडं थांबून, "तू... दिला नसतास."

"मागितला होता का?"

पोरगा हसायला लागला. "आई, मग आता शिंपीणबाईला सांगणार?"

"काय सांगू? माझा नवरा चोर निघाला म्हणून सांगू? गप्प काम कर." तिनं पडद्याचा तुकडा बादलीत टाकला नाही. दुसरी घडी काढली, ती जुन्या चादरीची होती. तिसरी तिच्याच परकराची. एकेक घडी म्हणजे एकेक वर्ष दिसत होतं, आणि प्रत्येकीत तीच भुकटी, पिठासारखी मऊ. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात ती इतकी दाटली होती की पोराला पटाशीनं खरवडून काढावी लागली. म्हातारी बघत राहिली. एवढी कापडाला अडकली, तर जी अडकली नाही ती कुठं गेली असेल, हे विचारायला तिला डॉक्टर लागत नव्हता.

"अहो," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आख्खा पडदा मागितला असतात तरी दिला असता."

म्हाताऱ्यानं मान हलवली. पटलं नव्हतं, पण भांडायला दम नव्हता.

नवी रबर पोरानं कुठून कुठून शोधून आणली होती. एवढ्या जुन्या गाडीची कुणी ठेवत नाही. एका दुकानदाराच्या माळ्यावर शेवटचं वेटोळं पडलं होतं, दोन दारांना जेमतेम पुरेल एवढं. पोरानं आधी उजव्या दाराची बसवली, त्याच्या स्वतःच्या बाजूची. चौकटीची कड घासली, गंज काढला, रंगाचा पातळ हात मारून वाळू दिला. मग खालच्या मधोमध सुरुवात केली आणि तळहातानं दाबत, रबरी हातोडीनं हळूच ठोकत पुढं सरकला. म्हातारा खुर्चीतून बघत होता. कोपरा आला की तो दोन बोटं हवेत पुढं ढकलायचा.

"ढकल," तो म्हणायचा. "ओढू... नको."

"माहिताय, बाबा."

कोपऱ्यावर पोरगा रबर जराशी सैल सोडायचा, मागून पुढं चेपत न्यायचा. शेवटाला चार बोटं जास्त उरली, ती त्यानं कापली नाहीत. दार लावलं आणि म्हणाला, "रात्रभर असू दे. रबर बसली की मग कापू."

म्हातारीला हे बघवेना. "मुंगीनं मेरू पर्वत उचलला असता एवढ्यात," ती म्हणाली. "आणि ही काय सुरकुती? चादर अशी घातली असती तर मी माझ्या आईच्या हातचा मार खाल्ला असता."

"आई, ही चादर नाही."

"सगळं चादरच असतं. ताणून बसवलं की नीट बसतं, सैल सोडलं की गोळा होतं."

दुसऱ्या दिवशी पहाट म्हाताऱ्याला वाईट गेली. ओठ जांभळे झाले, बोलता येईना, नुसता हात हलवत राहिला, दाराकडं, गाडीकडं. सिलिंडर संपत आला होता. पोरगा तो बदलून आणायला गेला आणि जाताना म्हणाला, "आलो की डावं दार करतो. उद्या निघू."

म्हातारी नवऱ्याजवळ बसली. त्याची छाती फाटक्या भात्यासारखी वरखाली होत होती. मग तिनं अंगणाकडं पाहिलं. उजवं दार झालेलं, डावं उघडं, रबरेचं उरलेलं वेटोळं बॉनेटवर. आणि पोरगा अजून परत यायचाय, मग घासणार, मग पुसणार, मग सैल सोडत बसणार. तिनं आयुष्यात कुणाच्या हाताखाली काम केलं नव्हतं आणि कुणाच्या हाताची वाटही पाहिली नव्हती. तिनं पदर कमरेला बांधला.

त्या घरी तिला स्वतःला जायचं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की जायचं तर जा, पण तुमच्या छातीत तिथली चिमूटभर धूळ जाता कामा नये. म्हणून तिनं रबर अशी बसवली की फटीला जागाच राहू नये. हाताला ताकद अजून होती. एक टोक खोचलं, पाय चौकटीला लावला आणि ओढलं. कोपऱ्यावर ओढलं, वर ओढलं, खाली आणताना सगळ्यात जास्त ओढलं. एक सुरकुती नाही. चकचकीत, ताठ. आणि बघते तर वीतभर रबर उरलेली.

खुर्चीत आणून बसवलेल्या म्हाताऱ्यानं दोन बोटं हवेत पुढं ढकलली. पुन्हा ढकलली.

"बसा गप," ती म्हणाली. "दम लागेल."

त्यानं तोंड उघडलं. खोकल्यानं शब्द गिळला.

"सांगतेय ना, गप बसा. दिसतंय मला." तिनं सुरी घेतली आणि उरलेली वीतभर कापून टाकली. टोकाला टोक भिडवलं. दार लावलं. धप्प. असा आवाज या दारानं किती वर्षांत काढला नव्हता. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. तिची समजूत झाली, त्याला समाधान वाटलं.

पोरगा आला तेव्हा त्यानं दार उघडलं, रबरेवरून बोट फिरवलं आणि कापलेला तुकडा उचलला.

"आई, कापलीस?"

"मग काय, शेपूट ठेवू?"

त्यानं तुकडा जपून बॉनेटवर ठेवला. आईशी बोलून कुणाचं भलं झालं नव्हतं.

सकाळ झाली आणि पोरानं डावं दार उघडलं तर खालच्या पुढच्या कोपऱ्यात रबरेची दोन टोकं एकमेकांपासून लांब गेली होती. रात्रभरात ती आपल्या मूळ मापाला परतली होती. मधे पत्र्याची उघडी कड आणि अंगठा जाईल एवढी फट. कोपऱ्यावरही रबर आत ओढली जाऊन पत्र्यावरून उचलली होती.

म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली. पोरानं तिच्याकडं पाहिलं नाही, हे तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"कापलेला तुकडा लाव मधे," ती म्हणाली.

"तुकडा धरत नाही तो. दोन्हीकडून ताण आहे. दार आपटलं की बाहेर येतो." त्यानं लावून दाखवला. बाहेर आला.

"दुसरी आण."

"दुसरी नाही कुठं. मागवली तर येईल, पण यायला दिवस लागतील." त्यानं घराकडं पाहिलं. "आणि बाबांना..."

आतून काठीचा आवाज आला. म्हातारा भिंत धरून दारापर्यंत आला होता, अंगात धुतलेला सदरा, तोही स्वतःच्या हातानं घातलेला, गुंड्या खालीवर. तो एकच शब्द म्हणाला.

"आज."

"अहो, फट आहे."

"आज," तो पुन्हा म्हणाला. आणि मग, दम घेऊन, "उद्याचं... बघू म्हणत... गेलं सगळं."

पोरगा हळूच म्हणाला, "चिंधी कोंबू?"

"चिंधी टिकत नाही," म्हातारी म्हणाली. "गाडी हादरली की गळून पडते. विचार तुझ्या बापाला, त्यानं किती पडदे गमावले." ती आत गेली, बादलीशेजारी वाळत घातलेला हिरव्या पानांचा तुकडा घेऊन आली. रात्री तिनं तो धुतला होता, का ते तिचं तिलाच माहीत. "कुणीतरी धरून बसायला पाहिजे. तू गाडी चालवणार. हे मधे. मग उरलं कोण?"

"आई, तू त्या घरी..."

"मी कुणाच्या घरी जात नाहीये. मी दार धरायला येतेय. गाडीतून खाली उतरायची नाही."

म्हाताऱ्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसला असावा.

गाडी निघाली. म्हातारा मधे, सिलिंडर त्याच्या गुडघ्यांत. म्हातारी डाव्या दाराशी, कमरेत वाकून, हिरवी घडी फटीत दाबून. काचा बंद, वाऱ्याची वाट बंद. घामानं तिघंही भिजली. खाण लागली तसा उजेड पांढरा झाला. काचेवर भुकटी बसायला लागली, समोरचं पुसलं की पुन्हा बसायची. उजव्या दारातून कणसुद्धा आला नाही. पोरानं बसवलेली रबर मुकाट्यानं आपलं काम करत होती. डाव्या बाजूला म्हातारीचा अंगठा बधिर झाला, खांदा दुखायला लागला, पण तिनं हात बदलला नाही. हात बदलायचा म्हणजे क्षणभर फट उघडी.

"नीट बसा की," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळा भार माझ्यावर."

"जन्मभर..." तो म्हणाला. पुढचं खोकल्यात गेलं. तिला कळलं पुढचं काय ते. तिनं घडी आणखी दाबली.

मुकादमाचं घर खाणीच्या काठालाच होतं. पत्र्याचं छप्पर पांढरं, झाडांची पानं पांढरी, ओट्यावरची चपलांची रांग पांढरी. मागे क्रशर धडधडत होता. गाडी थांबली आणि पोरगी बाहेर आली. ओढणी नाकाशी धरलेली. तिनं गाडी ओळखली आधी, निळ्या रंगाखालूनही. मग आतला माणूस ओळखला.

ती डाव्या काचेपाशी आली. आत आई वाकलेली, आईच्या पलीकडं बाप. तिनं काचेवर तळहात ठेवला. भुकटी पुसली गेली तेवढ्या जागेतून बापानं तिला पाहिलं. कुणीच दार उघडलं नाही. दार उघडलं की धूळ आत.

"बाबा," ती म्हणाली. काचेतून आवाज आला नाही, ओठ दिसले.

मागून मुकादम आला, आता पाठीत वाकलेला, तोही खोकत. पोरानं आपल्या बाजूची काच क्षणभर बोटभर खाली करून दार का उघडत नाही ते सांगितलं. मुकादम म्हणाला, "क्रशर बंद करायला सांगतो. तोंडात दगड असताना थांबवता येत नाही, तेवढा निघू दे," आणि लंगडत खाणीकडं गेला.

म्हाताऱ्यानं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. जड नव्हता. काहीच वजन नव्हतं त्या हाताला. मग त्यानं दोन बोटं दाराकडं ढकलली, रबरेच्या वेळी ढकलत होता तशी. पुन्हा ढकलली. या वेळी तिनं गप बसा म्हटलं नाही.

"धूळ जाईल हो आत," ती म्हणाली.

त्यानं ढकलली.

पोरीला त्याच्यापाशी पोचायचं तर मधे म्हातारीच होती. तिच्या मांडीवरून तर कुणी जाणार नव्हतं. उतरायचं तर खाली तीच जमीन. म्हातारीनं एक श्वास घेतला, घडी फटीतून काढली, दार उघडलं आणि उतरली. धुरळा तिच्या बाजूनं आत शिरला. "बस," ती पोरीला म्हणाली. इतक्या वर्षांनी बोललेला पहिला शब्द. "लवकर बस, बघत काय बसलीस." पोरगी आत चढली. म्हातारीनं दार आपटून लावलं, धप्प, आणि लगेच खाली उकिडवी बसली. हिरवी घडी तिनं बाहेरून त्या कोपऱ्यात दाबली आणि वरून दोन्ही तळहात.

आत खोकला सुरू झाला. लांब, कोरडा, दगडावर दगड घासल्यासारखा. पोरीचा आवाज येत होता, शब्द नाही. पोरगा आतून काहीतरी सांगत होता. म्हातारीच्या डोक्यावर, पापण्यांवर, हातांवर भुकटी बसत गेली. ती हलली नाही. जास्त जोरात दाबलं तर काही फरक पडतो का हे ती बघत होती.

घरातून एक बाई आली, मुकादमाची बायको, हातात पाण्याचा तांब्या. "विहीणबाई, आत या ना. इथं का बसलात धुळीत?"

"मी आलेली नाही," म्हातारी म्हणाली. "मी दार धरलंय."

बाई तांब्या खाली ठेवून बाजूला झाली.

मग क्रशर थांबला. एकदम नाही. आधी पट्टा मंदावला, मग शेवटचा दगड चिरडल्याचा आवाज, मग घरघर, मग काहीच नाही. खाणीत इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती. म्हातारीनं कान पत्र्याला लावला. आतून खोकला यायला हवा होता. सिलिंडरची सूं सूं येत होती. पोरीचं बोलणंही थांबलं होतं.

उजवं दार उघडल्याचा आवाज झाला. पोरगा गाडीला वळसा घालून आला आणि तिच्याजवळ बसला. त्याचे हात लोंबत होते.

"आई, सोड आता."

तिनं वर पाहिलं नाही. हवेत अजून पांढरं होतं, हळूहळू खाली येत होतं, ओट्यावर, चपलांवर, तांब्यातल्या पाण्यावर.

"थांब," ती म्हणाली. "धूळ बसू दे आधी."